नावांआड दडलेले नृत्य

नृत्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही की, नृत्य संपताच ते उरत नाही. उरतात ती त्याविषयी इतरांनी लिहून ठेवलेली अक्षरे. आणि ती कोणत्या नावाखाली नोंदली गेली, यावर संशोधकाचे यश अवलंबून असते. ग्रंथालयांत संगणकीय सूची आल्यापासून हे काम सोपे झाले, असे म्हणतात. आमच्या मते हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

भरतनाट्यमचे उदाहरण घेऊ. 1995 साली स्थापन झालेल्या 'जेस्टोर' या नियतकालिक-संग्रहात हा शब्द घातला की अभ्यासपूर्ण लेखांची रास समोर येते. पण हे नाव रूढ झाले ते 1930 च्या दशकात. त्याआधी त्याच नृत्याला सदिर किंवा दासीआट्टम म्हणत. इंग्रज त्याला आपल्याच 'नाच' शब्दावरून 'नॉच' म्हणत, तर फ्रेंच लोक नर्तकीला 'बायादेर' म्हणत. हा शब्द पोर्तुगीज 'बायलादेइरा'वरून आलेला. गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत तो वाचलेल्यांना हे नाते चटकन उमगेल.

1838 साली पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरम येथील देवदासींचा एक लहानसा मेळा पॅरिस व लंडन येथे गेला. त्यातील अमनी हिच्यावर थेओफिल गोतिए याने लिहिले आणि शिल्पकार बार याने तिची मूर्ती घडवली. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' संग्रहात त्या काळची वृत्तपत्रे वाचावयास मिळतात. पण तेथे 'भरतनाट्यम' शोधणाऱ्याच्या हाती अमनी कशी लागावी? 'बायादेर' शोधावे, तर 1830 पासून पॅरिसच्या रंगमंचावर गाजलेल्या एका ऑपेरातील काल्पनिक बायादेरही त्याच जाळ्यात येते. म्हणून दोन शब्द जोडावे लागतात: बायादेर आणि अमनी. उलट, एकाच गोष्टीची अनेक नावे असली, तर त्यांमध्ये 'किंवा' या अर्थाचा इंग्रजी शब्द घालावा, म्हणजे यंत्र सर्व नावे एकदम धुंडाळते. गावाच्या नावाचेही तेच. तंजावरची इंग्रजी अक्षररचना जुन्या लेखांत एक, नव्यांत दुसरी.

तंजावरचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात (1798–1832) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू हे बंधू होते. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम त्यांनी बसवला, असे मानतात. त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या आणि सरस्वती महाल ग्रंथालयात त्या जपल्या गेल्या. मराठी वाचकांपैकी किती जणांना याची वार्ता आहे?

मुंबई इलाख्यात 1934 साली आणि मद्रासमध्ये 1947 साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. मुलींना देवाला वाहण्याची चाल बंद व्हावी, हा त्यांचा हेतू योग्यच होता. परंतु याच सुमारास नृत्य नव्या नावाने नव्या घरांत गेले आणि ज्या स्त्रियांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या मागे पडल्या. बालसरस्वती (1918–1984) यांच्यासारख्या थोड्यांचेच नाव राहिले. केवळ नव्या नावाने शोध घेणारा संशोधक नकळत त्या स्त्रियांना दुसऱ्यांदा वगळतो.

हे जाणणारे ग्रंथपाल विरळाच. जेनेव्हीव्ह ऑस्वाल्ड यांनी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात नृत्यसंग्रह उभारला, तेव्हा पुस्तकांइतकाच मान छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका व पत्रे यांना दिला. त्या संग्रहाची सूची 1974 साली दहा खंडांत निघाली.

यंत्र थकते तेथे तळटीपा उपयोगी पडतात. देवेश सोनेजी यांचा देवदासींवरील इंग्रजी ग्रंथ (2012) हाती आला, तर आमच्या वाचकांनी आधी त्याच्या टीपा वाचाव्यात. तंजावरच्या मराठी रचनांकडे नेणारी वाट तेथूनच निघते.