बॅटरी पूर्ण उतरवण्याचा सल्ला आला कुठून?

अकोल्यात काय, अमरावतीत काय, लॅपटॉप दुरुस्तीला नेला की एक सल्ला हमखास मिळतो: 'बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा.' सांगणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. फक्त ज्या बॅटरीसाठी हा सल्ला होता, ती लॅपटॉपमधून केव्हाच गेली.

ती होती निकेल-कॅडमियमची. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने ती १८९९ मध्ये बनवली. तिची एक खोड सांगितली जायची: पुन्हा पुन्हा अर्धवट वापरून भरली की ती तेवढ्यावरच दम टाकायची. म्हणून तिला अधूनमधून पूर्ण रिकामी करावी लागे. सुरुवातीच्या लॅपटॉपांबरोबर हा नियम आला आणि त्या काळी तो बरोबरही होता.

मग लिथियम आलं. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी पाया घातला. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांना कोबाल्ट ऑक्साइडचा धन ध्रुव सापडला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला रशीद याझमी या तरुणाने दाखवून दिलं की, ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम शिरतं आणि परत बाहेरही येतं. याझमी मोरोक्कोतल्या फेस शहरचे. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये नमुना बनवला आणि १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली.

२०१४ चं ड्रेपर पारितोषिक चौघांना मिळालं, त्यात याझमी होते. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना गेलं. एका नोबेलमध्ये तीनपेक्षा जास्त नावं बसत नाहीत, हे खरं. तरीही आज बहुतेक लॅपटॉपच्या बॅटरीत ग्रॅफाइट असताना ही गोष्ट मला खटकतेच. आणखी एक खटकतं. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना इब्न सीना, अल-ख्वारिझ्मी ही नावं पाठ असतात, पण मांडीवरच्या यंत्रामागचा हा फेसचा माणूस त्यांना कुणी सांगत नाही.

असो. या नव्या बॅटरीला जुनी खोड नाही. उलट ती वारंवार शून्यावर नेणं तिलाच सोसत नाही. अडॅप्टरला आपण चार्जर म्हणतो, पण तो चार्जर नाहीच. भिंतीतल्या २३० व्होल्टचा एकोणीस-वीस व्होल्टचा एकदिश प्रवाह करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. साधारण लिथियम सेल ४.२ व्होल्टला भरतो, तीन सेलांची माळ १२.६ ला. हे मोजमाप लॅपटॉपच्या आतलं सर्किट सांभाळतं: आधी ठरावीक प्रवाह देतं, पुढे व्होल्टेज स्थिर धरून प्रवाह हळूहळू उतरवतं, भरली की थांबतं. त्यानंतर यंत्र थेट अडॅप्टरवर चालतं. त्यामुळे पिन लावून ठेवली म्हणून बॅटरी 'जास्त भरत' नाही.

वऱ्हाडात या ज्ञानाची किंमत लोडशेडिंगच्या वर्षांत कळायला हवी होती. २००५ नंतरच्या त्या काळात गावागावांत तासन्‌तास लाइन नसे. अकोला जिल्ह्यातच पारसचं वीज केंद्र, डोक्यावरून तारा जायच्या आणि खाली कंदील. पारसचे २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले ते २००८ आणि २०१० मध्ये. डेस्कटॉपवाल्याला यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तारायचा. लॅपटॉपमध्ये बॅटरी हाच यूपीएस. अडॅप्टरकडून येणारी वीज तुटली की सर्किट त्याच क्षणी बॅटरीकडे वळतं, टाइप केलेला अर्ज पडद्यावर तसाच राहतो. पण सल्ला ऐकून ज्याने सकाळी बॅटरी मुद्दाम उतरवली, त्याची लाइन दुपारी गेली तर? फॉर्मची शेवटची तारीख काही थांबत नसे.

खरा शत्रू वेगळाच आहे: ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली किंवा गादीवर चालणारं यंत्र आणखी तापतं. पूर्ण भरलेली बॅटरी अशा उष्णतेत राहिली की लवकर म्हातारी होते. त्यासाठी आता बऱ्याच लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. शहरात दिवसभर टेबलावरच काम असेल तर ती लावून ठेवावी. जिथे लाइनचा अजूनही भरवसा नाही, तिथे शंभर टक्के भरावी आणि लॅपटॉप सावलीत ठेवावा. फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही वापरू नये.