घागरीतला एकडोळ्या

काचेच्या टाकीत समुद्रासारखे खारे पाणी भरून रंगीत मासे पाळण्याची हौस आता मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत शिरली आहे. असा हौशी गृहस्थ काही आठवड्यांतच एका कोड्यात सापडतो. त्याने आणलेले असतात चार मासे आणि दोन दगड. पण काचेवर पांढरे ठिपके सरकू लागतात, पाण्यात बारीक कण टुणटुण उड्या मारतात. हे कोण? आले कोठून? भिंगाखाली पाहिले की त्यांतले बरेचसे कोपेपॉड निघतात. हे झिंग्या-खेकड्यांचे दूरचे, अगदी बुटके आप्त. दगडाबरोबर आलेले, बहुधा निरुपद्रवी आणि माशांचे आवडते खाद्य. ओळख पटली की धास्ती जाते.

आमचा धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगरांतला. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. पण याच कुळातला एक जीव आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या नांदत होता, आणि तो शोभेच्या टाकीत नव्हे, पिण्याच्या घागरीत. त्याची ओळख पटली नव्हती, आणि त्याची किंमत माणसे आपल्या पायांनी मोजत होती.

माझ्या आजीच्या घोट्याजवळ एक लांबट वण होता. 'नारूचा आहे' एवढेच ती सांगे, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्या मान हलवीत. नारू म्हणजे दोऱ्यासारखा पांढरा जंत. त्याची मादी हातभरापेक्षाही लांब वाढते. आधी पायावर फोड यायचा, आग आग व्हायची. फोड फुटला की जंताचे टोक दिसे. ते काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढायचे. तुटले तर पाय सुजून पिकायचा. उन्हाळ्यात पडलेला माणूस पेरणीच्या तोंडीही उठत नसे. घरचा कर्ता खाटेवर आणि शेत पडीक, असा हा रोग होता. त्याने माणूस सहसा मरत नसे, पण वर्षाची भाकरी मात्र बुडे.

हा जंत येतो कोठून? कोणी म्हणे वाईट रक्तातून, कोणी म्हणे मातीतून. उत्तराचे पहिले टोक १८७० साली मध्य आशियात सापडले. अलेक्सेई फेदचेंको या रशियन संशोधकाने नारूच्या अळ्या पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाच्या पोटात शिरताना पाहिल्या. तो जीव सायक्लॉप्स. लांबी जेमतेम एक-दोन मिलिमीटर, कपाळाच्या मध्यावर एकच डोळा, आणि मादीच्या शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या दोन पिशव्या. ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसांचे नाव या कणभर जीवाला मिळाले आहे. फेदचेंको १८७३ साली आल्प्सच्या बर्फात वयाच्या २९ व्या वर्षी वारला. पुढचा दुवा एका मराठी नावाशी जोडलेला आहे. १९१३ साली ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना अळ्या असलेले सायक्लॉप्स देऊन नारू त्याच वाटेने होतो हे दाखवले.

आता सारे चक्र उलगडले. फोडाची आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्या क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स त्या खातो. दोनेक आठवड्यांत अळी तयार होते. ते पाणी कोणी प्याले की सायक्लॉप्स पोटात मरतो, अळी मात्र आतडे भेदून निघते, आणि सुमारे वर्षाने दुसऱ्याच एखाद्या पायावर फोड उठतो.

येथे मन विषण्ण होते. दुष्काळी मुलखात बारव बांधणे हे मोठे पुण्यकर्म. तापलेल्या दगडांवरून थंडगार पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत जाव्यात, घागर बुडवावी, पाय धुवावेत, यासाठीच तर ती बांधलेली! पण दुखरा पाय आणि पिण्याचे पाणी यांची गाठ घालून देणाऱ्याही त्याच पायऱ्या होत्या. जेथे काठावरून पोहऱ्याने पाणी शेंदतात, त्या विहिरीत ही गाठ पडत नाही.

आमच्या भागातील या जीवांची नीट मोजदाद केली ती एका स्वीडिश डॉक्टराने. कुर्डुवाडीहून बार्शी, येडशीवरून लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे म्हणजे अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी. ती धाराशिव शहराला शिवतही नसे. उतारू येडशीला उतरत. क्नूट लिंडबर्ग हे त्या रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी. रेल्वेच्या आसपासच्या नारूचा शोध घेताना ते पाण्यातल्या सायक्लॉप्सकडे वळले आणि त्यांतच रमले. एक जात दुसरीपासून वेगळी ओळखायची ती पायांवरच्या केसांवरून, इतके हे काम नाजूक! भारतातील या जीवांवर त्यांनी फ्रेंचमध्ये लेखमाला लिहिली आणि १९४६ साली दख्खनमधील नारूची पाहणी प्रसिद्ध केली.

नारूवर लस निघाली नाही, खात्रीचे औषधही निघाले नाही. तरीही भारत सरकारने १९८३-८४ साली निर्मूलनाची मोहीम उघडली, तेव्हा देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. शस्त्रे साधीच होती: दाट विणीच्या कापडाने पाणी गाळणे, हातपंप बसवणे, पायऱ्यांच्या विहिरी बदलून घेणे, सायक्लॉप्स मारणारे औषध मोजून टाकणे आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू न देणे. जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख रुग्ण असतील असा अंदाज होता. २०२३ साली ते केवळ १४ होते.

पाणी गाळून प्यावे, हे आपल्या घरांतले जुनेच सांगणे. गाळायचे ते नेमके कोणाला, हे कळल्यावर मात्र त्याच फडक्याने एक रोग देशाबाहेर काढला. गंमत अशी की सायक्लॉप्स कोठेही गेलेला नाही. आमच्या विहिरींत तो आजही टुणटुण उड्या मारीत असतो, खाऱ्या टाकीतल्या आपल्या भाऊबंदांइतकाच निरुपद्रवी. त्याच्या पाठीवर बसून येणारा पाहुणा तेवढा संपला.