हाकेला ओ

चांदे हे नाव सहसा एकटं उच्चारलं जात नाही. मुळशी तालुक्यात मुळा नदीच्या खोऱ्यात, हिंजवडी आणि सूस यांच्या पलीकडे हे गाव आहे. त्याच्या शेजारी नांदे आहे, आणि लोक दोन्ही गावांना मिळून ‘चांदे-नांदे’ म्हणतात. मराठी कानाला ही जोडी फार ओळखीची वाटते. ढवळ्या-पवळ्या, सर्जा-राजा, सोन्या-मोन्या याच तालात ती बसते. एका जुवाखाली दोन जिवांना जुंपलं की त्यांची नावंही एका श्वासात यायला हवीत, असा गोठ्याचा जुना शिरस्ता आहे.

या भागात आता उंच इमारती आल्या आहेत आणि पाळीव प्राण्यांची जातही बदलली आहे. आफ्रिकेतला बुटका हेजहॉग हा मुठीत मावणारा, पाठीवर हजारो काटे असणारा, रात्री जागणारा जीव आहे. जगभरच्या घरांतून फिरत तो भारतीय शहरांतही पोचला आहे. तो घरी आणला की पहिला प्रश्न असतो, त्याचं नाव काय ठेवायचं? प्रश्न नवा वाटतो, पण तो मराठी माणसाने शेकडो वर्षं सोडवलेला आहे. फक्त समोरचं जनावर वेगळं होतं.

मुळशीचा शेतकरी तो भातखाचरात सोडवत असे. पावसाळ्यात खाचर पाण्याने भरायचं, गुडघाभर चिखलात बैल घालून चिखलणी करायची आणि मग भाताची लावणी. आडव्यातिडव्या पावसात चार हातांवरचं दिसत नाही. हातातल्या कासऱ्याइतकंच काम तोंडातली हाक करते. जोडीतला एक बैल मागे रेंगाळला तर नेमक्या त्यालाच टोकावं लागतं. नाहीतर दुसरा उगाच उसळतो आणि नांगर भरकटतो. म्हणून बैलाचं नाव छोटं हवं, दुसऱ्यापासून वेगळं ऐकू येणारं हवं आणि शेवटी लांबवता येणारं हवं. ढवळ्याऽऽ, शिंगऱ्याऽऽ, तांबड्याऽऽ. शेवटचा ‘या’ बांधापलीकडे पोचतो. गाईंच्या नावात ते काम ‘ई’ करते: चंद्री, हरणी, भुरी. व्याकरणात संबोधन ही एक विभक्ती असते. मराठी जनावरांची नावं जन्मतःच त्या विभक्तीत असतात.

रंग हा नावाचा पहिला झरा. ढवळ्यातला ‘ढवळ’ म्हणजे संस्कृतातला धवल, पांढरा. पवळ्या हा पोवळ्याच्या तांबूस रंगाचा. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण माणसांच्या संगतीबद्दल वापरली जाते. पण ती नीट ऐकली तर तिच्यात गोठ्याची नोंदवही सापडते: दोन बैल, दोन रंग, रंगावरून दोन नावं. तांबूस-पिंगट गाय कपिला आणि कपाळावर चांद असलेली चंद्री. घोड्यांच्या बाबतीत तर रंगांची स्वतंत्र परिभाषाच होती. काळा तो मुश्की, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा अबलख. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तो पंचकल्याणी, शुभ मानला जाणारा. रंगानंतर वार येत असे. मंगळवारी जन्मला तो मंगळ्या. यात कल्पनेची भरारी नाही, पण पाहण्याचा नेमकेपणा आहे. नाव ऐकून बाजारात जनावर ओळखता यावं, इतका नेमकेपणा.

‘सर्जा’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. हे नाव रंगातून आलेलं नाही. फारसीत ‘शर्झा’ म्हणजे खवळलेला, आणि तो शब्द सिंहाला विशेषण म्हणून लागतो. दख्खनच्या सुलतानी काळात तो इकडे रुळला. विजापूरच्या ज्या बुरुजावर मुलूख-ए-मैदान तोफ आहे, त्याचं नाव शर्झा बुरूज. विजापूरच्या एका नामांकित सरदाराला लोक शर्झाखान म्हणत. मराठ्यांत हाच शब्द किताब झाला. मुळशीच्या दक्षिणेला, आजच्या भोर तालुक्यातल्या कारीचे कान्होजी जेधे हे शिवाजी महाराजांचे आधारस्तंभ. त्यांचे पुत्र बाजी जेधे यांनी पुरंदरच्या लढाईत पराक्रम केला आणि ‘सर्जेराव’ हा किताब मिळवला. दरबारातला हा शब्द उतरत उतरत गोठ्यात आला आणि नांगर ओढणारा बैल सर्जा झाला. कुणब्याने आपल्या बैलाला सरदाराचा मान दिला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. वर्षातून एकदा, पोळ्याला, तो मान उघडपणे साजरा होतो. मावळ-मुळशीकडे पोळा भाद्रपदाच्या अमावस्येला असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी करून जुवाने कढलेला खांदा हळद-तुपाने चोळतात. मग शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग आणि पुरणपोळीचा घास.

माणसाचं नाव जनावराला द्यावं का, हा वाद मात्र मराठीत फार जुना आहे आणि तो थेट ज्ञानेश्वरांच्या चरित्रात येऊन बसला आहे. पैठणच्या ब्रह्मसभेतली कथा घरोघरी माहीत असते. रेड्याने वेद म्हटले, एवढंच बहुतेकांना आठवतं. त्याआधीचा प्रसंग नावाबद्दलचा आहे. ‘ज्ञानदेव’ या नावाची टर उडवताना सभेतला कोणी तरी रस्त्याने जाणाऱ्या पखालीच्या रेड्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, नावात काय आहे, त्या रेड्याचं नावही ज्ञानाच आहे. ज्ञानेश्वर रागावत नाहीत. त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही, असं ते सांगतात. पुढचा चमत्कार त्या एका वाक्यातून उगवतो. पाण्याची पखाल वाहणाऱ्या रेड्याला कोणी ‘ज्ञाना’ हाक मारत असेल, ही कल्पना कथाकाराला सहज सुचली याचाच अर्थ असा की ऐकणाऱ्यांच्या गावात असे ज्ञाना, राम्या, गोंद्या गोठ्यात होते. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी या रेड्याची समाधी आहे आणि भाविक तिथे दर्शनाला जातात.

जनावरांच्या समाध्यांचा विषय निघाला की साताऱ्याला जावं लागतं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. कुत्र्याचं नाव खंड्या. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी हकिकत आहे. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली आहे. महाराजांनी कुत्र्याला जहागीर दिली, पालखी दिली. एकदा दरबारात त्याला जरीवस्त्रं आणि जवाहीर घालून बसवलं आणि आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफला हा विक्षिप्तपणा वाटला. पण जीव वाचवणाऱ्याला जहागीर देणं हा त्या दरबाराचा रिवाजच होता. महाराजांनी तो रिवाज चार पायांच्या सेवकालाही लावला, इतकंच. त्या मानाने रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचं स्मारक अलीकडचं, १९३६ सालचं आहे. ते २०१२ मध्ये हटवलं गेलं आणि पुन्हा बसवलं गेलं. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

खंड्या आणि वाघ्या ही दोन्ही नावं एकाच देवाच्या अंगणातली आहेत. खंड्या म्हणजे खंडेरायाचा. वाघ्या हा तर जेजुरीचा भक्त. नवसाने देवाला वाहिलेला माणूस स्वतःला खंडोबाचा कुत्रा समजतो, कोटंबा पुढे करून भिक्षा मागतो आणि काही विधींत कुत्र्यासारखा भुंकतोही. घरच्या राखणदाराला वाघ्या म्हणताना माणसाचं नाव कुत्र्याला दिलं जातं, की माणसाने घेतलेलं कुत्र्याचं नाव त्याला परत मिळतं? या प्रश्नाचं उत्तर जेजुरीच्या पायऱ्यांवर शोधायला हवं. दख्खनच्या देवांमध्ये खंडोबा, भैरव आणि दत्त या तिघांच्या पायाशी कुत्रा बसतो. ‘हाडहूड’च्या पलीकडे त्याला नावाने हाक मारण्याची वाट या देवांनीच मोकळी केली असावी.

ट्रॅक्टर आला तशी बैलाची हाक शेतातून उठली. ती पुन्हा ऐकू आली शर्यतीच्या मैदानात, तीही लाउडस्पीकरवरून. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींनाही बंदी केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदी उठल्यावर जी नावं गावोगाव गाजली, त्यांत सगळ्यांत मोठं नाव चांद्याच्या शेजारच्या सूसगावचं आहे: बकासुर. २०२३ साली सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात बकासुर आणि महिब्या या जोडीने थार गाडी जिंकली आणि बकासुराचं नाव बैल न पाळणाऱ्या घरांतही पोचलं.

हे नाव थांबून पाहण्यासारखं आहे. महाभारतातला एकचक्रा नगरीचा बकासुर गाडाभर अन्न खातो, गाडी ओढणारी जनावरं खातो आणि गाडी आणणारा माणूसही खातो. गाडीचा शत्रूच तो! तरी त्याचं नाव गाडी पळवणाऱ्या बैलाला शोभलं, कारण मैदानातला बैल अंतर गिळतो. ढवळ्या-पवळ्याच्या नावात मालकाची नजर होती, सर्जाच्या नावात मालकाचा मान होता. बकासुराच्या नावात प्रेक्षक आहे. हजारोंच्या गर्दीत निवेदकाने ते पुकारलं की प्रतिस्पर्ध्याच्या छातीत धडकी भरावी, एवढ्यासाठी ते ठेवलेलं. बैल त्या पुकाऱ्याला ओ देत नाही, गर्दी देते.

असाच बदल रानातही झाला. वनखात्याच्या कागदावर वाघाला आकडा असतो, पण ताडोबाच्या वाटाड्यांनी आणि पर्यटकांनी त्याला मटकासुर म्हटलं, वाघिणीला माया म्हटलं. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय हा ‘शोले’तल्या जोडीवरून जय झाला, त्याचा भाऊ वीरू. एप्रिल २०१६ नंतर जय दिसेनासा झाला, तेव्हा त्याचा शोध एखाद्या आकड्याचा उरला नाही. विदर्भभर लोक नावाने विचारत होते. रानाबाहेरही नावाची ही ओढ दिसली. जुलै २०२५ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणिकेंद्रात नेली गेली. महादेवी आणि माधुरी अशी तिची दोन नावं. तिच्या निरोपाला गाव रडलं आणि कोल्हापूर जिल्ह्यात लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी मुंबईच्या राणीच्या बागेत पेंग्विनच्या पिल्लांची नावं नॉडी, टॉम आणि पिंगू ठेवली गेली. तेव्हा, महाराष्ट्रात जन्मलेल्यांना मराठी नावं द्या, अशी मागणी करत भाजपचे कार्यकर्ते आंदोलनाला आले. २०१६ मध्ये सेऊलहून आलेल्या, या पिल्लांच्या आधीच्या पिढीची नावं डोनाल्ड, डेझी, पोपाय, ऑलिव्ह अशी होती. मागणीत राजकारण होतं, पण तिच्या मुळाशी असलेली भावना खरी आहे. नाव ठेवणं म्हणजे आपल्यात घेणं.

हेजहॉगच्या बाबतीत अडचण आणखी एक पायरी आधी सुरू होते. त्याच्या जातीलाच रोजच्या मराठीत नाव नाही. भारतातले हेजहॉग मुख्यतः कच्छ-राजस्थानच्या कोरड्या माळांवर आणि दक्षिणेकडच्या काही भागांत राहतात, सह्याद्रीच्या रानात ते नसतात. संस्कृतात ‘जाहक’ असा शब्द आहे, पण तो कोशाबाहेर फिरकत नाही. मुळशीच्या माणसाला काटेरी म्हणून ठाऊक आहे ते साळिंदर, म्हणजेच साळू किंवा सायाळ. ते उंदीर-खारीच्या कुळातलं आणि हेजहॉगपेक्षा कितीतरी मोठं. त्याचा काटा आपल्या संस्कारांतही शिरला आहे. गृह्यसूत्रांनी सांगितलेल्या सीमंतोन्नयनात नवरा गर्भवती बायकोचा भांग ज्याने पाडतो, तो साळिंदराचा तीन पांढरे पट्टे असलेला काटा. त्यानंतर मूल जन्मतं आणि बाराव्या दिवशी त्याचं बारसं होतं. आपल्याकडे काटा नावाच्या इतका जवळ आहे. मात्र साळिंदर काय किंवा देशी हेजहॉग काय, रानातून उचलून घरी आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात दिसतो तो आफ्रिकी वंशाचा, माणसाने पैदा केलेला.

त्याच्यासाठी जगभरात हमखास सुचणारं नाव ‘सोनिक’. १९९१ साली जपानी कंपनी सेगाने आणलेल्या व्हिडिओ गेममधला निळा, वाऱ्यासारखा पळणारा हेजहॉग हा त्याचा उगम. खरा हेजहॉग दिवसभर गोळा होऊन झोपतो. रात्री उठतो, नाकाने जग वाचत फिरतो. नजर अधू, कान आणि नाक तिखट. ओळखीच्या आवाजाने त्याचे काटे हळूहळू खाली बसतात, पण सर्जासारखा तो हाकेला धावत येत नाही. चिखलातून, धुक्यातून, गर्दीतून जे अंतर नाव कापत होतं, ते इथे ओंजळीएवढं आहे. ‘या’ लांबवायची गरज नाही. त्यामुळे नाव कुजबुजता आलं तरी चालतं.

जुन्या रीतीने पाहिलं तर रंगावरून तो भुऱ्या होईल, अंगावरून काट्या होईल. ‘साळू’ सगळ्यांत सोपं. पूर्वी ते बायकांचंही नाव होतं, म्हणून ते घरात सहज रुळेल. मुळशीच्या पावसाळ्यातून उचललेलं आणखी एक नाव आहे. आषाढ-श्रावणात पौडच्या रस्त्याला बायका टोपल्यांत हिरवी कर्टुली घेऊन बसतात. मुठीत घेतली की मऊ काटे तळव्याला हलके टोचतात, जखम करत नाहीत. झोपलेला हेजहॉग तळहातावर घेतला की अगदी तेच जाणवतं. ‘कर्टुलं’ म्हणून हाक मारली तर तो नाक वर करून हवेत वास घेईल, आणि थोड्या वेळाने पाठीवरचे काटे खाली घेईल.