सातबारा कोरा करायचा, पण कोणाचा? तीन कर्जमाफ्या आणि राहून गेलेला गृहपाठ

३० ऑक्टोबर २०२५ ला सरकारने सांगितलं, कर्जमाफीसाठी समिती नेमतो आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेतो. तेव्हापासून वाशिमच्या पाटणी चौकात काय अन् रिसोडच्या बाजार समितीत काय, चर्चा एकच. किती माफ होणार? दीड लाख, दोन लाख की सरसकट?

या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही. यादी कशी तयार होणार? कोण भरणार, कोण तपासणार, आणि नाव सुटलं तर शेतकऱ्याने कोणत्या दारात जायचं? मागच्या तीन कर्जमाफ्यांमध्ये माणसं रकमेमुळे जेवढी बाहेर राहिली, तेवढीच यादीमुळेही अडकली. म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कॉम्प्युटरवाले कोणतीही प्रणाली बनवण्याआधी एक काम करतात, निदान करायला हवं. प्रणालीने नेमकं काय काय करायचं, ते कागदावर उतरवतात. याला ते ‘फंक्शनल रिक्वायरमेंट’ म्हणतात. आपण कामाची गरज म्हणू. स्वीडनचे इव्हार जेकबसन यांनी १९८० च्या दशकात यासाठी एक साधी पद्धत मांडली, तिचं नाव ‘यूज केस’. कोण माणूस प्रणालीकडे येतो, काय काम घेऊन येतो, ते काम कोणत्या पायऱ्यांनी पूर्ण होतं आणि मध्येच गाडी अडली तर पुढे काय, एवढं लिहायचं. हे लिहिताना मंत्रालयात बसून भागत नाही. ज्याचं काम आहे त्याला विचारावं लागतं.

हे फार परदेशी वाटत असेल तर आपल्या तलाठ्याचं दप्तर बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्यातली फेरफाराची पद्धत म्हणजे हातानं लिहिलेली यूज केसच आहे. वावर विकलं किंवा वारसा लागला की तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतो. संबंधितांना नोटीस देतो, चावडीवर प्रत लावतो. हरकतीला १५ दिवस मिळतात. कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग ती सातबाऱ्यावर चढते. हरकत आली तर? त्यासाठी वेगळी वही आहे, गाव नमुना ६-अ, विवादग्रस्त प्रकरणांची. ज्यांनी हे नमुने आखले त्यांना ठाऊक होतं की भांडण होणारच. म्हणून भांडणाची जागा त्यांनी आधीच आखून ठेवली.

आता या चष्म्यातून कर्जमाफ्या बघू.

पहिली, २००८ ची. पार्श्वभूमी आपल्याच भागाची होती. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि आपला वाशिम. त्यानंतर २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात देशभराची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला थकबाकीत २५ टक्के सूट आणि बाकीची रक्कम त्याने भरायची.

दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. पाण्याखालच्या पाच एकरात ऊस घेणारा आणि मानोऱ्याच्या माळावर कोरडवाहू सात एकर करणारा, यात गरीब कोण हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण नियमाने सात एकरवाल्याला मोठा शेतकरी ठरवलं. ओरड झाली. मग मे महिन्यात दुष्काळप्रवण आणि पंतप्रधान पॅकेजच्या जिल्ह्यांतल्या अशा शेतकऱ्यांना २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यातली जी जास्त असेल ती सूट मिळाली. गरज आधी विचारली असती तर ही दुरुस्ती नंतर करावी लागली नसती.

यादी बँकांच्या शाखांनी आपापल्या केली. २०१३ मध्ये ‘कॅग’चा अहवाल आला. देशभरातली नमुन्याची ९०,५७६ खाती तपासली, त्यातल्या २२.३२ टक्क्यांमध्ये चुका निघाल्या. दुसऱ्या बाजूने, लाभ न मिळालेली ९,३३४ खाती बघितली, तर त्यातले १,२५७ जण पात्र असून सुटले होते. जमीन किती हे तलाठ्याकडे, कर्ज किती हे बँकेकडे, आणि दोन्ही जुळवून पाहायची जबाबदारी नीट कोणाच्याच गळ्यात नाही.

दुसरी, २०१७ ची. ही आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली. जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप झाला आणि २४ जून २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. आकडे मोठे होते, ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी. २००८ मध्ये बँकांनी घोळ घातला म्हणून यावेळी सगळं ऑनलाइन करायचं ठरलं. शेतकऱ्याने स्वतः अर्ज करायचा, नवरा-बायको दोघांचे आधार द्यायचे. नोकरी, पेन्शन, आयकर यांची माहितीही द्यायची. सेतू केंद्रांपुढच्या रांगा, रात्री-रात्री जागून भरलेले अर्ज, अंगठा न लागणारी म्हातारी माणसं हे सगळं आठवत असेल. मुदत १५ सप्टेंबरची होती, ती २२ पर्यंत वाढली. राज्यात सुमारे ५६ लाख अर्ज आले, त्यात ७७ लाखांवर खातेदार होते.

दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रं वाटली गेली आणि लगेच घोळ उघडा पडला. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसायला लागले. बँकांनी दिलेली माहिती आणि शेतकऱ्यांनी भरलेली माहिती जुळेना. मग ‘ग्रीन लिस्ट’ हा शब्द आपल्या बोलीत आला आणि बँकेच्या पायरीवर एकच प्रश्न सुरू झाला, “आमचं नाव काहून नाही आलं?”

दोष सर्व्हरला दिला गेला, कंपनीला दिला गेला. माझ्या मते मूळ दुखणं त्याच्या आधीचं होतं. सरकारने लाभ ठरवला कुटुंबाला, म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून दीड लाख. बँकेच्या वहीत कुटुंब नावाची गोष्टच नसते, तिथे असतं खातं. तलाठ्याकडे ना कुटुंब ना कर्जखातं, तिथे असतो खातेदार आणि गट नंबर. तीन दप्तरं, तिन्हींचं मोजमाप वेगळं. ही जुळणी कशी करायची ते अर्ज उघडण्याआधी ठरायला हवं होतं. तसं न होता बँकांना ६६ रकाने भरायला सांगितले. भरणारे कोण? सोसायटीचा गटसचिव आणि शाखेतले दोन-चार कर्मचारी. ज्याच्याकडे चार-पाच गावं आहेत त्या गटसचिवाला आधी विचारलं असतं, तर त्याने चहा संपायच्या आत सांगितलं असतं. कोणाचं खातं अजून मेलेल्या बापाच्या नावावर आहे, कोणाचं कर्ज सोसायटीतही आहे आणि स्टेट बँकेतही, कोणत्या भावांची वाटणी झाली पण कागदावर नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं.

न जुळलेल्या नावांसाठी पुढे तालुकास्तरीय समित्या बसल्या, तपासण्या झाल्या, अनेकांना पैसे मिळालेही. पण डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात सरकारनेच सांगितलं की सुमारे साडेसहा लाख पात्र शेतकरी राहून गेलेत. पात्र आहेत हे ठरलं होतं, तरी सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत थकबाकीदार म्हणून नवं पीककर्ज मिळणं मुश्कील. मग पेरणीला पैसा कुठून आणायचा? सावकार, कृषी केंद्राची उधारी, नाहीतर बायकोचे दागिने. यादीतल्या चुकीची किंमत शेवटी घरातच मोजली जाते.

तिसरी, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. २१ डिसेंबर २०१९ ला नागपुरात जाहीर झाली, मर्यादा दोन लाख. इथे प्रणालीचा आराखडाच उलटा केला. शेतकऱ्याचा अर्ज बंद. बँक आधार जोडलेली खाती कळवणार, यादी गावात लागणार, प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असणार. शेतकऱ्याने तो क्रमांक आणि आधार घेऊन बँकेत किंवा आपले सरकार केंद्रावर जायचं, पडद्यावरची रक्कम बघायची. मान्य असेल तर अंगठा, मान्य नसेल तर तिथूनच तक्रार. म्हणजे ६-अ ची वही प्रणालीच्या आत आली.

दुसरं शहाणपण म्हणजे आधी चाचणी घेतली. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची, जिल्ह्याला दोन गावं, १५,३५८ खाती. मग बाकीच्या याद्या. पुढे ३० लाखांहून जास्त खात्यांवर २० हजार कोटींहून जास्त रक्कम जमा झाली. मार्चमध्ये कोरोना आला आणि अंगठे थांबले नसते तर आणखी लवकर झालं असतं.

पण ही योजनाही सगळ्यांना पुरली नाही. दोन लाखांच्या वरचे बाहेर. नियमित भरणाऱ्यांना ५० हजार प्रोत्साहन देऊ म्हटलं, त्याची पहिली यादी यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. आणि मयत खातेदारांच्या वारसांची फरफट २०१७ लाही होती, यावेळीही झाली.

तिन्ही वेळा पक्ष वेगळे, मुख्यमंत्री वेगळे, मंत्री वेगळे. त्यामुळे ही पोस्ट कोणत्या पक्षाच्या बाजूची किंवा विरोधातली नाही. तिन्ही योजनांत जिथे आधी विचारलं तिथे काम सोपं झालं, जिथे विचारलं नाही तिथे माणसं रांगेत राहिली.

आता पुढचं. एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला. माणूस, आधार आणि जमीन एका ठिकाणी आली, हे चांगलंच आहे. पण कर्जखातं त्यात आपोआप येत नाही. आणि दुसऱ्याचं वावर मक्त्याने किंवा बटईने करणारा तर त्यात कुठेच नाही, कारण सातबाऱ्यावर त्याचं नावच नाही.

म्हणून पोर्टल बनवायच्या आधी सरकारने ही उत्तरं लिहून जाहीर करावीत, आणि आपल्या आमदारांनी ती मागावीत:

१. माफी कोणाला, कुटुंबाला, माणसाला की खात्याला? एकच उत्तर.
२. खातेदार मयत असेल तर वारसाने कोणता कागद, कुठे, किती दिवसांत द्यायचा?
३. अंगठा लागला नाही तर दुसरा मार्ग कोणता?
४. नाव सुटलं तर हरकत कोणाकडे, आणि उत्तर किती दिवसांत? नाकारलं तर कारण लेखी मिळणार का?
५. पैसे जमा झाल्यावर सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कोण काढणार? बँकेने बेबाकी दाखला दिला आणि बोजा तसाच राहिला, तर सातबारा कोरा झाला असं म्हणता येत नाही.
६. पोर्टल बंद करण्याआधी राहिलेल्यांची यादी कुठे ठेवणार?

हे प्रश्न सचिवांनी ठरवून चालणार नाही. जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतले दोन-दोन गटसचिव, दोन-दोन तलाठी, सेतू केंद्र चालवणारी पोरं आणि यादीत नाव न आलेले शेतकरी एका दिवसासाठी नियोजन भवनात बोलवा. खर्च चहा-नाश्त्याचा. वाशिमसारख्या कोरडवाहू, आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यातच ही पहिली बैठक व्हावी, अशी माझी जिल्हाधिकारी साहेब आणि लोकप्रतिनिधींना जाहीर विनंती आहे.

तुमच्या गावात २०१७ किंवा २०१९ च्या यादीत कोणी पात्र असून राहिलं असेल तर नेमकी अडचण काय आली ते खाली लिहा. आधार किंवा खाते क्रमांक टाकू नका, फक्त गाव आणि अडचण. सगळं एकत्र करून निवेदनासोबत जोडतो.