वेडेवाकडे दात आणि तारा : पालकांचे आणि मोठ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुलाचे दात वाकडे यायला लागले की घरात दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, मोठा झाला की आपोआप सरळ होतील. कुणी म्हणतं, उद्याच तारा बसवा. उशीर झाला तर उपचार अवघड होतात आणि घाई केली तर ते अर्धवट सुटतात. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

मुलाला पहिल्यांदा कधी दाखवायचं?
सात वर्षांच्या आसपास. तोवर पहिली कायमची दाढ आणि पुढचे काही दात आलेले असतात. दाखवलं म्हणजे लगेच तारा लागतील असं नाही. बहुतेक मुलांना 11 ते 14 या वयात तारा बसवतात. पण खालचा जबडा वरच्याच्या पुढे येत असेल, तर जबडा वाढतोय तोवरच उपचाराचा जास्त फायदा होतो. वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट मात्र बऱ्याचदा सुळे आल्यावर कमी होते.

दुधाची दाढ किडली. पडणारच आहे, मग काढून टाकली तर?
दुधाच्या मागच्या दाढा साधारण 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. लवकर काढल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. काढावीच लागली, तर जागा राखणारी छोटी पट्टी बसवता येते का, हे डॉक्टरांना विचारा.

तिशी-चाळिशीत दात सरळ होतात का?
होतात. हिरड्या आणि हाड निरोगी असणं महत्त्वाचं. मोठेपणी जबडा वाढत नाही, म्हणून दोष जबड्यातच असेल तर कधी कधी ऑपरेशन लागतं. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी हिरड्या खराब झाल्या असतील, तर आधी ती सवय सोडा आणि हिरड्यांचा इलाज करून घ्या.

लग्न ठरलंय, सहा महिन्यांत होईल का?
किरकोळ वाकडेपणा असेल तर कदाचित. एरवी दीड ते दोन वर्षं लागतात. दात सरकताना एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. यातून दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जास्त जोर लावला तर दातांची मुळं झिजू शकतात. म्हणून तारीख पाहून घाई करू नका. लग्नानंतर गाव बदलणार असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

चांगले दात का काढतात? नजर कमी होते का?
जबड्यात जागाच नसेल तर सहसा सुळ्यामागची छोटी दाढ काढतात. सगळ्यांना हे लागत नाही. एक्स-रे आणि दातांचे साचे पाहून ठरतं. वरचा दात काढल्याने नजर कमी होते, हा निव्वळ गैरसमज आहे.

तारा की अलायनर?
अवघड केसमध्ये तारा जास्त भरवशाच्या. अलायनर दिसत नाहीत, पण दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात. डॉक्टरांनी तोंड न तपासता घरपोच येणारे किट घेऊ नका.

रोजा ठेवता येतो का?
हो. तारा घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात. म्हणून रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ मागून घ्या, म्हणजे गरज पडली तर गोळी घेता येईल. सहरीची वेळ संपण्याआधी नीट ब्रश करा. खजूर बी काढून, तुकडे करून खा.

दात सरळ करणं जायज आहे का?
दोष किंवा त्रास दूर करण्यासाठीचा इलाज उलमा साधारणपणे जायज मानतात. हदीसमध्ये मनाई आहे ती केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडण्याची. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा.

खर्च कुठे कमी येईल?
धातूच्या तारा सर्वांत स्वस्त, सिरॅमिकच्या त्याहून महाग आणि अलायनर सहसा सर्वांत महाग. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. मात्र तिथे थांबावं लागतं. डॉक्टरांनी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलंय का, हे बिनधास्त विचारा. एकूण रकमेत एक्स-रे आणि रिटेनर धरलेत का, तेही लिहून घ्या.

तारा काढल्या की संपलं का?
नाही. दात जुन्या जागी परतायला बघतात. म्हणून रिटेनर घालावा लागतो, आधी जवळजवळ दिवसभर आणि मग रात्री, कित्येक वर्षं. तो सैल झाला, तुटला किंवा हरवला तर लगेच दुसरा करून घ्या. नवा रिटेनर पुन्हा तारा लावण्यापेक्षा खूपच स्वस्त पडतो.