स्वादुपिंडदाह आणि अँटिऑक्सिडंटचे मोजमाप

जठराच्या मागे आडवे असलेले स्वादुपिंड पाचक रस तयार करते. त्यातील ट्रिप्सिनोजेन एरवी लहान आतड्यात पोहोचल्यावरच कार्यक्षम होते. पित्तखडा नलिकेत अडकल्याने किंवा अतिमद्यपानाने ते ग्रंथीच्या पेशींतच कार्यक्षम झाले, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. या स्वयंपचनाची कल्पना हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडली. यातून उद्भवणारा आजार म्हणजे तीव्र स्वादुपिंडदाह.

पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी असह्य कळ हे त्याचे प्रमुख लक्षण. रक्तातील अमायलेज किंवा लायपेज सामान्य कमाल पातळीच्या किमान तिप्पट आढळल्यास निदानाला पुष्टी मिळते. मात्र आजार किती गंभीर वळण घेईल, हे या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून ऑक्सिडीकरणाने होणाऱ्या हानीचा अभ्यास केला जातो.

दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी मुक्त मूलके, म्हणजेच फ्री रॅडिकल्स, सोडतात. ही मूलके पेशीपटलातील मेदाम्लांवर आघात करतात. त्यातून मॅलॉनडायअल्डिहाइड हे संयुग तयार होते. थायोबार्बिट्युरिक आम्लाशी संयोग होऊन त्याला गुलाबी रंग येतो आणि ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात त्याचे प्रमाण मोजता येते. दुसरीकडे शरीराची संरक्षक फळीही तपासली जाते. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटलेज व सेलेनियमयुक्त ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे, तसेच ग्लुटाथायोन, क आणि ई जीवनसत्त्व हे त्यातील प्रमुख घटक.

या चाचण्यांत काटेकोरपणा लागतो. रक्ताच्या नमुन्यातील क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. त्यामुळे नमुना थंड ठेवून त्यावर त्वरित प्रक्रिया करावी लागते. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्यास त्यांतील विकरे द्रवात मिसळून आकडे फसवे येतात. थायोबार्बिट्युरिक आम्ल इतर पदार्थांशीही रंग देते. त्यामुळे एकाच चाचणीवर निष्कर्ष काढता येत नाही.

तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांत क जीवनसत्त्व घटलेले आढळते. मग ते बाहेरून दिल्यास रुग्ण सुधारेल का? मँचेस्टर परिसरातील तीन रुग्णालयांत ४३ गंभीर रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेतून सेलेनियम, क जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन दिल्यावर रक्तातील पातळी वाढली. परंतु अवयवांचे बिघडलेले कार्य त्यामुळे सुधारल्याचे दिसले नाही. घटलेली पातळी हानीची खूण असू शकते. ती भरून काढणे म्हणजे आजार बरा करणे नव्हे. शिरेतून द्रव, वेदनाशमन आणि शक्य तितक्या लवकर आहार हाच उपचारांचा पाया आहे. त्यामुळे अशी कळ उठल्यास जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर विसंबून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे.