फ्लॉरेन्सच्या संगमावर

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, हरिहरेश्वर आहे. दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याती. तिथे दोन प्रकारची माणसे येतात. काही सहलीला आलेली असतात, तर काही अस्थी घेऊन. दोघेही एकाच खानावळीत जेवतात, एकाच किनाऱ्यावर उभे राहतात. कोकणात याचे कुणाला नवल वाटत नाही. पण प्रवास आणि अंत्यसंस्कार यांची अशीच गाठ एकदा इटलीतल्या एका देखण्या शहरात पडली, आणि तीही नदीच्या संगमावरच. तिथे मात्र नवल वाटलेच. त्या घटनेतला प्रवासी मराठी होता.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इथे शिक्षकांनी थोडे सावध राहावे, कारण या नावाने विद्यार्थ्यांचा हमखास घोळ होतो. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम वेगळे, आणि शाहू महाराजांचे पुत्र, १९२२ ते १९४० या काळात कोल्हापूरच्या गादीवर असलेले राजाराम महाराज तेही वेगळे. आपले राजाराम १८५० साली जन्मले, दत्तक म्हणून १८६६ मध्ये गादीवर आले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज याच तरुण राजाच्या नावाचे आहे.

१८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते युरोप पाहायला निघाले. समुद्र ओलांडणे हे त्या काळी उच्चवर्णीय हिंदू समाजात पाप मानले जाई. एखाद्या संस्थानिकाने ते उघडपणे करणे ही धाडसाची गोष्ट होती. इंग्लंडमध्ये ते काही महिने राहिले आणि रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत गेले. कॅप्टन एडवर्ड वेस्ट या त्यांच्याबरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती संपादित केली व १८७२ मध्ये लंडनला छापली. रोजनिशी कोरडी आहे. आज इथे गेलो, अमुक पाहिले, तमुक भेटले, असाच तिचा सूर. रसिक वाचकाची थोडी निराशा होईल. पण विसाव्या वर्षी, परक्या भाषेत, दिवसभराच्या दगदगीनंतर लिहिलेल्या नोंदींकडून आणखी काय मागायचे? शिवाय आपल्यापर्यंत ती एका सरकारी अधिकाऱ्याच्या हातून आलेली आहे, हेही वाचताना विसरू नये.

परतीची वाट त्यांना सरळ नव्हती. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले होते, पॅरिसला वेढा पडला होता. म्हणून ही मंडळी बेल्जियम, जर्मनी या मार्गाने आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. वाटेतच महाराजांची प्रकृती बिघडली.

ज्या शहरात ते येऊन पोचले ते फ्लॉरेन्स तेव्हा ऐन झोकात होते. १८६५ पासून ती नव्या इटलीची राजधानी होती. जुने तट पाडून रुंद रस्ते काढले जात होते. आर्नो नदीच्या काठी कासिने नावाचे लांबलचक उद्यान आहे. पूर्वी तिथे मेदिची घराण्याची गुरे आणि दूधदुभते असे, आणि उद्यानाचे नावही त्यावरूनच आले. आता तिथे शहरातले श्रीमंत लोक बग्गीतून हवा खायला आणि आपले कपडे दाखवायला येत. कुणाही प्रवाशाने पाहावे असे हे शहर. आपल्या या प्रवाशाच्या वाट्याला मात्र त्यातली मुख्यतः हॉटेलातली खोली आली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

आता प्रश्न उभा राहिला तो दहनाचा. बरोबरच्या मंडळींच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखे काही नव्हते, चिता रचायची एवढेच. पण इटलीत, किंबहुना साऱ्या ख्रिस्ती युरोपात, प्रेत पुरण्याची रीत होती. दहनासाठी जागा नव्हती, तशी रूढीही नव्हती. जवळचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्रजी शिकवणाऱ्यांना आठवेल. कवी शेली १८२२ साली इटलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडाला, तेव्हा त्याचा देह वाळूवरच जाळण्यात आला. तो मात्र धर्माचार नव्हता. समुद्रातून वाहून आलेल्या प्रेतांबाबत संसर्गाच्या भीतीने केलेले नियम त्याला कारण होते.

महाराजांच्या वेळी अधिकाऱ्यांची खास परवानगी मिळवावी लागली, आणि ती मिळाली. दोनच महिन्यांपूर्वी, २० सप्टेंबरला, इटलीच्या सैन्याने पोपच्या हातून रोम घेतले होते. चर्चची नाराजी ओढवण्याची त्या सरकारला फारशी धास्ती नसावी, असे मला वाटते. जागा निवडली ती कासिनेच्या अगदी टोकाची, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. म्हणजे नदीकाठी संगम शोधायचा हा आपल्याकडचा नियम तिथेही पाळला गेला. आदल्या रात्रीपासून तयारी होऊन १ डिसेंबरला तिथे दहन झाले. बग्ग्यांची हौस जिथे संपत असे तिथेच फ्लॉरेन्सवासीयांनी ही चिता पाहिली.

या चितेमुळे युरोपात दहनाची चळवळ सुरू झाली, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. आदल्याच वर्षी, १८६९ मध्ये, याच फ्लॉरेन्समध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत डॉक्टरांनी दहनाचा पुरस्कार केला होता. त्यांचे कारण आरोग्याचे होते. शहरे फुगली होती, दफनभूमी भरून गेल्या होत्या, पटकीच्या साथी येत होत्या. कुजण्यातून निघणाऱ्या दूषित हवेने रोग होतात असा तेव्हा समज होता. कॉखने पटकीचा जंतू शोधला तो १८८४ साली. म्हणजे दहनाचा आग्रह धरणाऱ्यांचा एक मोठा युक्तिवाद पुढे चुकीचा ठरला, चळवळ मात्र टिकली. वर्गात चर्चेला घेण्याजोगा हा मुद्दा आहे.

या डॉक्टरांना उघडी चिता नको होती. तिच्यातली बरीचशी उष्णता हवेत निघून जाते, म्हणून लाकूड फार लागते. शरीराच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असते. ते आधी वाफ होऊन गेल्याशिवाय बाकीचे नीट पेटत नाही. शेवटी हाडांतले कॅल्शियम फॉस्फेट उरते, ते जळतच नाही. आपण नदीत सोडतो त्या अस्थी मुख्यतः हेच. बंदिस्त भट्टीत उष्णता कोंडून ठेवता येते. पादुआच्या ब्रुनेत्ती या प्राध्यापकाने आपल्या भट्टीचे प्रयोग १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मांडले. ते पाहून लंडनच्या सर हेन्री थॉम्प्सन या शल्यविशारदाने १८७४ मध्ये दहन-संस्था काढली. मिलानमध्ये २२ जानेवारी १८७६ रोजी आल्बेर्तो केलर या व्यापाऱ्याचे गॅसच्या भट्टीत दहन झाले. कॅथॉलिक चर्चने १८८६ मध्ये दहनाला मनाई केली आणि १९६३ मध्ये ती उठवली.

संगमावर १८७४ साली स्मारक उभे राहिले. चार्ल्स मँट या वास्तुशिल्पज्ञाने घुमटाकार छत्री आखली, फुलर या शिल्पकाराने अर्धपुतळा केला. कोल्हापूरचा टाउन हॉल आणि नवा राजवाडा याच मँटचे. आर्नोकाठच्या त्या छत्रीचे नाते रंकाळ्याच्या गावाशी आहे, हे कोल्हापूर पाहिलेल्याला सहज ओळखू यावे. खाली राजवेषातला विसाव्या वर्षीचा चेहरा आहे.

फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे 'हिंदी माणूस'. राजाचे नाव आणि कोल्हापूर ही दोन्ही बोलण्यातून गळून गेली. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव मिळाले. आज तिथून गाड्या धावतात आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर 'इंडियानो' असे लिहिलेले असते.